काठावरची सोनेरी अक्षरं

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, बघायला आलेला मुलगा आमच्या भवानी पेठेतल्या घरात गॉगल लावूनच शिरला. गॉगलच्या उजव्या काचेवर कंपनीचा गोल सोनेरी कागद तसाच चिकटलेला. नखाएवढाच, पण बरोबर बुबुळासमोर. मला वाटलं, घाईत काढायचा राहिला असेल बिचाऱ्याचा. मी पंधरा वर्षांची, आगाऊ म्हणून सगळ्या गल्लीला माहीत. सांगायला निघालेच होते, तर अक्कानं स्वयंपाकघराच्या दाराआडून माझी वेणी धरून मागं ओढलं.

"गप बस. मुद्दाम ठेवलाय तो."

"अगं, पण त्याला दिसत कसं असेल?"

"त्याला कशाला दिसायला पाहिजे? आपल्याला दिसलं की झालं."

दोघींनी तोंडं दाबून धरली तरी हसू फुटलंच. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, आमच्यावर झारा उगारला. पोरीचं लग्न जमायची वेळ आणि या दोघी दात काढतायत, असं ती कन्नडमध्ये पुटपुटली. आमच्या घरात राग कन्नडमध्ये यायचा आणि पाहुणचार मराठीत व्हायचा.

त्या काळातलं सोलापूर ज्यांनी बघितलं नाही त्यांना ही कागदाची गंमत खोटी वाटेल. पण तेव्हा सगळ्यांचंच असं चाललं होतं. अख्खं गाव कापडावर जगणारं. मिलच्या भोंग्यावर उठायचं, मागाच्या खडखडाटात जेवायचं, माणसांच्या केसांत कायम कापसाची तूस. आणि एवढं कापड काढणाऱ्या गावाला स्वतःच्या कापडाची लाज! मिलमध्ये पाळी करणाऱ्या माणसाच्या पोरालासुद्धा मुंबईच्या मिलचं टेरिलीन पाहिजे. बरं, नुसतं असून भागायचं नाही, ते आहे हे चारचौघांना कळायला पाहिजे. त्या भारी कापडाच्या काठावर मिलचं नाव सोनेरी इंग्रजी अक्षरांत छापलेलं असायचं. हौशी पोरं शिंप्याला सांगून तो काठ पँटच्या खिशाच्या तोंडाशी बसवून घेत. मग रुमाल काढायच्या निमित्तानं खिशात हात घालायचा, की नाव बाहेर. लग्नात बघावं तर सर्दी झाल्यासारखी सगळी पोरं रुमाल काढतायत आणि ठेवतायत.

हसायला येतं आता. पण त्या सोनेरी अक्षरांनी आमच्या घराचं काय केलं ते आठवलं की हसू जातं आणि डोकंच फिरतं.

आमचे अप्पा कापडवालेच. पण कसले कापडवाले, तर फेंटाचे. मिलमध्ये तागे कापून झाल्यावर उरलेले तुकडे, कुठं डाग पडलेला, कुठं सूत सुटलेलं, असला माल म्हणजे फेंट. त्याच्यावर कुणाचं नाव नाही, गाव नाही. गठ्ठ्यानं आणायचा आणि किलोवर विकायचा. पेठेत आमचं तेवढं एक फळीचं दुकान होतं. मागच्या बाजूला अक्का शिलाई मशीनवर बसून त्याच तुकड्यांची झबली, परकर, उशांचे अभ्रे शिवायची. मिलमधल्या बायका, विडी वळणाऱ्या बायका, आसपासच्या खेड्यांतली माणसं, ही सगळी गिऱ्हाइकं. अप्पांची एक खोड होती. गिऱ्हाइकानं तुकडा हातात घेतला की त्यातलं व्यंग आपणच सांगायचं. "हितं भोक हाय. शिवताना आत घ्या." "ह्यो रंग पहिल्या धुण्याला जाणार बरं का." अव्वा वैतागायची, असं कुणी धंदा करतं का म्हणून. पण त्यामुळं एक झालं होतं. आमच्या दुकानात कुणी घडी उलगडून बघायचं नाही. अप्पांनी सांगितलं ना, झालं. आंधळ्या माणसानं यावं आणि निवांत कापड घेऊन जावं, असं ते दुकान होतं. एवढीच अप्पांची कमाई.

मुलगा होटगीचा. रेल्वेत चिकटलेला, घरी थोडी शेती, आमच्यासारखेच लिंगायत. अक्का तेविशीत होती. आधीची दोन स्थळं मोडलेली. एक रंगावरून, आणि दुसरं कशावरून ते कळलंच नाही. हेही मोडलं तर पोरगी घरातच बसणार, हे अव्वानं मनात धरून ठेवलं होतं. मुलाकडून होकार आला तेव्हा ती देवापुढं बसून रडली. मग अक्काला विचारलं, "पसंत हाय न्हवं तुला?" आणि उत्तराची वाट न बघता उठून कामाला लागली.

मी रात्री अंथरुणावर विचारलं, "अक्का, खरंच पसंत हाय?"

"नाकीडोळी बरा हाय की."

"तसं न्हाय गं."

तिनं कूस बदलली. मग म्हणाली, "तो बोलला माझ्याशी. एकच बोलला. माझ्या साडीकडं बघून म्हणाला, ही इथलीच का? मी म्हणलं, हो. तर म्हणाला, लग्नानंतर असली नको."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? झोप आता."

चार दिवसांनी लग्न जमवणारे मध्यस्थ निरोप घेऊन आले. हुंडा नको, मानपानाचा आग्रह नाही. फक्त साखरपुड्याला मुलाच्या आहेरात मुंबईच्या त्या अमक्या मिलचं पँटपीस पाहिजे. मिलचं नाव त्यांनी दोनदा उच्चारून दाखवलं. आणि नावाचा काठ कापायचा नाही, शिंप्याचं मुलगा आपलं आपण बघेल. मुलाच्या साहेबाकडं तसलंच आहे म्हणे. खरं तर असल्या वेळी दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात, बस्ता बांधतात. पण मध्यस्थ हसून म्हणाले, "तुमी स्वतः कापडातले. तुमच्याबरोबर येऊन आमी काय बघणार? तुमीच आणा." अप्पांना तो आपला मानच वाटला. मलाही वाटला. कसला मान आणि कसलं काय!

मी अप्पांबरोबर नव्या पेठेतल्या मोठ्या दुकानात गेले. अप्पांचा अवतार नेहमीचाच. गुडघ्याखाली येणारं धोतर, तीन बटणांचा सदरा, टोपी, आणि कपाळावर भस्माचे पट्टे. गादीवर पांढरी चादर, वर पंखा, काचेच्या कपाटात उभे तागे. आमच्यामागून बुशकोटवाला एकजण आला तर नोकरानं त्याला बसवून थंड पाणी दिलं. आम्ही उभेच. शेवटी अप्पांनी मिलचं नाव सांगितलं तेव्हा नोकरानं आधी त्यांच्या धोतराकडं बघितलं आणि मग तागा काढला. अप्पांनी सवयीनं कापडाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरला.

"काका, हात नका लावू. डाग पडतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य कापड चाचपण्यात गेलं त्याला हा कालचा नोकर हात लावू नका म्हणतो! मी काहीतरी बोलणार तर अप्पांनी माझ्या दंडाला धरलं आणि नोकराला म्हणाले, "बराबर हाय. तूच दाव." राखाडी रंगाचं ते कापड त्यानं फाडून दिलं. काठावर सोनेरी अक्षरं चमकत होती. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पिशवी त्यांनी घरापर्यंत छातीशी धरून आणली.

आणि मग साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अव्वानं ते धुतलं.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, पण आमच्याकडं ती रीतच होती. मिलच्या कापडाला कडकपणा यायला खळ लावतात, आणि त्या खळीत चरबी असते, असं आमच्या बायका पक्क्या समजून होत्या. कुणी म्हणायचं पूर्वी असायची, कुणी म्हणायचं अजून असते. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यामुळं नवं कापड, मग ते टॉवेल असो की शालू, पाण्यातून काढल्याशिवाय देवापुढं जायचं नाही. आणि आहेर तर आधी देवापुढंच ठेवायचा. अव्वानं ना कुणाला विचारलं, ना कुणाला सांगितलं. विचारण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही. अप्पा आणि अक्का दुकानात, मी शाळेत. तिनं बादलीत गरम पाणी घेतलं, रिठा घातला आणि कापड चांगलं चोळून काढलं.

मी शाळेतून आले तर दोरीवर राखाडी कापड झुलतंय. बादलीच्या तळाशी सोनेरी चुरा.

"अव्वा, हे काय केलंस गं!"

"काय केलं? बघ की कसं स्वच्छ निघालंय. काठाला काय काय सोनेरी चिकटलं होतं, तेबी गेलं घासून घासून." तिचा चेहरा अगदी समाधानाचा. तिला बिचारीला अक्षरंच माहीत नव्हती, ना मराठी ना इंग्रजी.

मी सांगितल्यावर ती मटकन खालीच बसली. मग उठून कापड काढलं, काठ उजेडात धरला, बोटानं चाचपला, पुन्हा पुन्हा. काही म्हणजे काही उरलं नव्हतं. ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली तेव्हा मी तिचे हात धरले आणि आम्ही दोघी रडत बसलो.

संध्याकाळी अप्पा आले. त्यांनी कापड हातात घेतलं, चाचपलं आणि म्हणाले, "कापड कुटं गेलंय? हाय की." दुसरं आणायची ऐपत नव्हती, हेच कसंबसं आणलेलं. शेजारचा एकजण मिलमध्ये ताग्यांवर शिक्के मारायच्या खात्यात होता. अव्वानं त्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, "त्यात काय अवघड हाय अप्पा? अक्षरं सांगा, उद्या सकाळपर्यंत सोनेरी शाईत नाव मारून आणतो. मूळच्यापेक्षा झ्याक."

"खऱ्या कापडावर खोटा शिक्का?" अप्पा असे काही चिडले की तो माणूस चहा टाकून उठला. "धुतलं हाय, तर धुतलं म्हणून सांगू. आपल्याच जातीतली माणसं हायत. त्यांच्या घरातबी कापड धुत्यात. त्यांना कळणार न्हाय व्हय?"

कळणार नाही व्हय! मला त्यांचं ते वाक्य अजून ऐकू येतं. किती भोळा माणूस असावा एखादा.

दुसऱ्या दिवशी दुपारी होटगीची मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील, आणि सगळ्यांत पुढं त्याचे थोरले चुलते. वडील नावालाच होते. त्या घरात बोलायचे ते चुलतेच. आमच्या बाजूनं मामा, शेजारपाजारची चार माणसं, आणि विधी सांगायला स्वामी. जमखाना अंथरलेला. देवापुढच्या ताटात नारळ, सुपारी, हळदकुंकू आणि ते राखाडी कापड, अव्वानं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेलं. बायका आतल्या खोलीत, दाराला लागून. अक्का हिरव्या इरकली लुगड्यात माझ्या शेजारी बसली होती. 

स्वामी सुरू करणार एवढ्यात चुलत्यांनी हात पुढं करून ताटातलं कापड उचललं. उलगडलं. एक काठ बघितला, दुसरा बघितला. मग मुलाकडं दिलं. त्यानंही तसंच केलं आणि कापड मांडीवरून खाली ठेवलं.

"नाव कुटाय?" चुलते म्हणाले.

अप्पांनी सरळ सांगितलं. घरात धुतलं, देवापुढं ठेवायचं म्हणून. नाव पाण्यात गेलं. कापड तेच आहे.

मग चुलते हसले. "टेरिलीन धुतलं? खळ काढायला? त्याला कुटली आली खळ?" त्यांच्याबरोबर आलेली माणसंही हसली. मी दारातून मुलाच्या आईकडं बघितलं. ती हसली नाही. ती खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला पक्कं माहीत होतं! तिच्या घरात तीच धुत असणार प्रत्येक नवं कापड. एक शब्द बोलली असती बाई, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण थोरल्या दिरापुढं तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही.

"पाव्हणं, राग मानू नका," चुलते अगदी गोड आवाजात म्हणाले, "पण तुमचं दुकान फेंटाचं हाय न्हवं?"

आता कळलं ते काय म्हणतायत.

अप्पांनाही कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "व्हय, फेंटाचं हाय. हे फेंट न्हाय. हात लावून बघा की."

"मला काय कळतंय कापडातलं? मला वाचता येतंय. वाचायला कायतरी पायजे की."

"पावती हाय. दुकानात चला, आत्ता चला. त्यांना विचारू."

"पावतीचं काय घेऊन बसलात? पावतीवर काय नाव छापलंय व्हय कापडाचं? आणि दुकानदाराला काय विचारायचं? तुमी सगळे कापडवाले एकच. आज तुमी त्याला सांभाळायचं, उद्या त्यानं तुमाला." मग त्यांनी सुपारी हातात घेऊन अप्पांसमोर धरली. "एक काम करा. मला बी सोयरीक मोडायची न्हाय. गळ्यातलं लिंग भाईर काढा, त्याच्यावर हात ठिवा, आणि सांगा की ह्ये कापड त्या मिलचंच हाय. आमी लगेच सुपारी फोडतो."



ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लोकांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. जन्मल्यावर बांधतात आणि माणसाबरोबरच मातीत जातं. अप्पा रोज आंघोळ झाल्यावर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी आयुष्यात त्यांना शपथ घेताना बघितलेलं नव्हतं. आणि आता हा होटगीचा माणूस त्यांना लिंग बाहेर काढायला सांगत होता. कशासाठी, तर पँटीच्या कापडासाठी!

स्वामी तरी काही बोलतील म्हणून मी बघितलं. स्वामी तांदळाचे दाणे सारखे करत बसले होते. मामा भिंतीकडं बघत होता.

"घ्या की हो शपथ," दाराशी अव्वा हुंदका दाबून म्हणाली. "खरंच हाय की ते. खऱ्याला काय भ्यायचं?"

आणि मलाही तसंच वाटलं. खरंच तर आहे! घ्या एकदाची शपथ, फोडू दे सुपारी, जाऊ दे ही माणसं. अप्पांचा उजवा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडं गेला. एक बटण निघालं. दुसरं निघेना.

माझ्या शेजारून अक्का उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली. पण ती दाराचा उंबरा ओलांडून सरळ पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. नवरी मुलगी, बोलावल्याशिवाय, सगळ्यांसमोर. अव्वानं तिचा पदर धरायला हात टाकला, पण तो हुकला.

"अप्पा, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग चुलत्यांकडं वळून म्हणाली, "शपथ नको. कापड फेंटाचं हाय. मीच गठ्ठ्यातनं काढून घडी घातली."

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खोटं! धडधडीत खोटं बोलत होती ती. आणि काय शांतपणे! नुसत्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चुलत्यांनी सुपारी खाली ठेवली. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले. मग अप्पांना म्हणाले, "काय हो? पोरगी काय म्हणती?"

अप्पा अक्काकडं बघत होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ती पण त्यांच्याकडंच बघत होती. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. पोरगी घाबरून बोलतीय, एवढंच. मग शपथ झाली असती आणि लग्नही झालं असतं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

त्यांनी काढलेलं बटण परत लावलं.

"व्हय," ते म्हणाले. "फेंट हाय. पोरगी खरं बोलती."

पुढचं काय सांगायचं? चुलते मोठ्यानं बोलत उठले. भवानी पेठेत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. लिंगावर हात ठेवायची वेळ आली तेव्हा कबूल झाला, नाहीतर गळ्यातच मारलं असतं आमच्या, असं म्हणत म्हणत पायऱ्या उतरले. मुलगा एकदाही कुणाकडं न बघता गेला. त्याची आई सगळ्यांत शेवटी निघाली. दारात थांबली, अव्वाच्या हाताला हात लावला, आणि ती पण गेली.

अव्वा अक्कावर तुटून पडली. काय नाही नाही ते बोलली. कन्नडमधल्या सगळ्या शिव्या संपल्यावर मराठीतल्या दिल्या. अक्का ऐकून घेत होती. मग ती अप्पांच्या पायाशी जाऊन बसली आणि एकदम रडायला लागली.

"तुमी का व्हय म्हणालात? मी एकटीच खोटी पडले असते की. तुमी न्हाय म्हणायचं होतं, अप्पा."

"न्हाय म्हणलो असतो तर तुला त्या घरात जावं लागलं असतं."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"जायचं होतं तुला?"

"न्हाय."

"मग झालं," अप्पा म्हणाले, आणि अंगणात जाऊन बसले.

मला त्या वेळी अक्काचा भयंकर राग आला होता. तिला ते घर नको होतं तर आधी बोलायचं होतं. बापाची लाज राखायला गेली आणि बापालाच खोटं पाडून आली. आणि राग अप्पांचाही आला. सगळं आयुष्य भोक आणि डाग दाखवत काढलं, आणि त्यातनं कमावलेला विश्वास एका दुपारी देऊन टाकला, असा लाह्या वाटल्यासारखा. पण ते होटगीचे चुलते, ती गप्प बसलेली बाई, तांदळाशी खेळणारे स्वामी, यांचा राग करायचा सोडून मी माझ्याच माणसांचा राग करत होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरीही येत होता. आता इतकी वर्षं झाली, अजून त्या दुपारचा विचार करायला बसले की माझं काही नीट ठरत नाही. शपथ घेतली असती तर? खरंच होती की ती. काय बिघडलं असतं? आणि मग सदऱ्याच्या बटणाशी झटणारी ती बोटं डोळ्यांसमोर येतात आणि पुढचं सुचत नाही.

कापड अव्वानं ट्रंकेच्या तळाशी टाकलं. ते कुणीच कधी शिवलं नाही.

पेठेत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. तोंडावर कुणी बोललं नाही. आमच्याकडची माणसं तशी भिडस्त. पण दुकानात फरक पडला. अप्पा पूर्वीसारखंच सांगायचे, इथं डाग आहे, इथं सूत सुटलंय. लोक ऐकून घ्यायचे आणि मग हळूच घडी उलगडायचे. काहीजण यायचेच बंद झाले.

एक दिवस मी दुकानात मागं अक्काजवळ बसले होते, काजाबटण करत. आमची एक जुनी गिऱ्हाईक आली, विडी वळणारी बाई. नातीला झबलं शिवायचं होतं. अप्पांनी तुकडा काढून दिला आणि म्हणाले, "एका बाजूनं जरा विरलंय. बाकी चांगलं हाय."

बाईनं तुकडा घेतला, रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आरपार बघायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत आली. "बाकी खरंच चांगलं हाय न्हवं, अप्पा? न्हाय, आपलं विचारलं. लेकराच्या अंगावर जायचंय."

अप्पा म्हणाले, "चांगलं हाय, बाई."

मशीन थांबलं. अक्का उठून पुढं गेली. "मावशी, अप्पा कधीच खोटं बोलत न्हाईत. त्या दिवशीचं कापड खरं होतं. खोटं मी बोलले. मी! अव्वानं धुतलं म्हणून नाव गेलं होतं. तुमाला पायजे तर घरातनं आणून दावते."

अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी बोलत होती. पलीकडचा भांडीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

बाईनं तिच्याकडं बघितलं. वाईट नजरेनं नाही, अगदी मायेनं. तिच्या गालावरून हात फिरवला. "असू दे गं पोरी. बापासाठी बोलावंच लागतंय. लेक हायस की तू."

अप्पांनी तागडीत तुकडा टाकला, वजन केलं आणि कागदात बांधून दिला. अक्काला म्हणाले, "आत जा. झबली अडलीत तिकडं."

ती आत आली नाही. बाई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच फळीला धरून उभी होती.